फेशिओटॉमीची जखम बंद करताना: कधी शिवायचं, कसं शिवायचं, कुठे थांबायचं

कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात (कंपार्टमेंटमध्ये) दाब वाढून रक्तपुरवठा अडतो तेव्हा, फेशिओटॉमी (कातडी आणि स्नायूंवरचं घट्ट आवरण, म्हणजे फॅशिया, कापून तो दाब सोडवणं) करायला मध्यरात्रीसुद्धा सगळं युनिट धावत येतं. तीच जखम बंद करायची वेळ येते तेव्हा मात्र केस लिस्टच्या शेवटी जाते आणि "एवढे टाके घालून टाक" म्हणून सगळ्यात ज्युनिअर रेसिडेंटच्या हातात पडते. म्हणून त्याच त्या दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली: तिसऱ्या दिवशी पाय अजून सुजलेला असताना कातडी ओढून ताणून शिवणं. दुसरी तिच्या बरोबर उलट: दहा-बारा दिवस नुसती ड्रेसिंग बदलत राहणं आणि मग कडा आखडल्या म्हणून सरसकट स्किन ग्राफ्ट (मांडीवरून काढलेली पातळ कातडी) लावणं. पहिलीत पेशंटचा पाय पुन्हा धोक्यात येतो. दुसरीत मांडीवर एक जादा जखम आणि पायावर आयुष्यभराचा खड्डा पदरी पडतो.

पुढचं सगळं ऑर्थोपेडिक रेसिडेंट, ओटी आणि वॉर्डातल्या सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी आहे. भर गुडघ्याखालच्या पायावर आहे, कारण अॅक्युट कंपार्टमेंट सिंड्रोम सर्वात जास्त तिथेच दिसतो. हाताबद्दल शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे. धावपटूंना व्यायामामुळे होणारा जुनाट प्रकार यात धरलेला नाही. तिथे कातडी त्याच ऑपरेशनमध्ये शिवतात. आणि निर्णय सीनियरशी बोलूनच घ्यायचा. लेख वाचून एकट्याने हात घालण्याचं हे काम नाही.

## टप्पा १: क्लोजरची तयारी फेशिओटॉमीच्या टेबलावरच

जखम नीट बंद होणार की नाही, हे बरंचसं पहिल्या ऑपरेशनमध्येच ठरतं. दोन छेदांच्या पद्धतीत बाहेरच्या आणि आतल्या छेदामध्ये निदान ७ ते ८ सेंमी रुंदीचा कातडीचा पट्टा राहायला हवा. तो अरुंद झाला की पुढे दोन्ही बाजूंनी ओढताना मधली कातडीच काळी पडते. छेद मात्र लांब हवेत, साधारण १५ ते २० सेंमी. "लहान छेद म्हणजे लहान जखम" हा हिशोब इथे चालत नाही, कारण सुजलेल्या स्नायूला कातडीसुद्धा दाबून धरते.

जखम सोडून बाहेर येण्याआधी एवढं करा:

१. फ्रॅक्चर असेल तर ते स्थिर करा, एक्स-फिक्सने (बाहेरच्या पिना आणि दांड्यांनी) किंवा नेलने (हाडाच्या आतल्या सळईने), जे योग्य असेल त्याने. हलत्या हाडावरची जखम कितीही छान शिवली तरी टिकत नाही. फिक्सेटरच्या पिना पुढे कातडी ओढताना आड येणार नाहीत, अशा जागी घाला.

२. व्हेसल लूप (लवचिक दोरे) त्याच वेळी बसवून ठेवा, पण सैल. पद्धत टप्पा ५ मध्ये दिली आहे. पहिल्या दिवशी त्यांचं काम एवढंच की कडांनी मागे सरकू नये.

३. घोटा ९० अंशांत ठेवून स्लॅब द्या. उघड्या जखमेच्या काळजीत हे हमखास राहून जातं आणि दहा दिवसांत टाच वर चढून बसते. स्लॅबच्या पट्ट्या जखमेभोवती गोल आवळू नका.

४. ऑपरेशन नोटमध्ये कोणते कंपार्टमेंट उघडले, कोणत्या स्नायूची शंका वाटली आणि सुपरफिशियल पेरोनिअल नर्व्ह कुठे दिसली ते लिहा. ही नस बाहेरच्या घोट्यापासून सुमारे १० ते १२ सेंमी वर फॅशियातून बाहेर येते, म्हणजे नेमकी बाहेरच्या जखमेच्या खालच्या टोकाशी. सेकंड लुकला (दोन-तीन दिवसांनी ओटीत जखम पुन्हा तपासताना) दुसराच कोणी असेल तर तुमची ही एक ओळ ती नस वाचवते.

५. शेजारी मोजपट्टी ठेवून एक फोटो काढा, पेशंटची परवानगी घेऊन. दोन दिवसांनी "सूज कमी वाटतेय" हे आठवणीवर ठरवायला नको.

सावधान: फॅशिया कधीही शिवायचा नाही. आजही नाही, सेकंड लुकलाही नाही आणि शेवटच्या क्लोजरलाही नाही. एखाददुसरा "टेकू" म्हणूनही टाका नको. बंद करायची ती फक्त कातडी.

## टप्पा २: वॉर्डातले पहिले ४८ तास

इथली एक चूक मला फार वेळा दिसते आणि ती चांगल्या हेतूने होते. कंपार्टमेंट सिंड्रोमचा संशय असताना पाय हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, उंच करायचा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. ते बरोबरच आहे, कारण उंच केल्याने आधीच कमी झालेला रक्तपुरवठा आणखी घटतो. पण फेशिओटॉमी होऊन सगळे कंपार्टमेंट मोकळे झाल्यावरही तोच नियम पुढे चालू राहतो आणि पाय चार दिवस गादीवर सपाट पडून असतो. दाब सुटला आणि रक्तपुरवठा ठीक असला की आता सूज उतरवायची आहे, म्हणून पाय उशांवर उंच ठेवा. ऑर्डर शीटवर "लेग एलेव्हेशन सुरू" असं स्पष्ट लिहा. आधीची सूचना कोणी तरी खोडल्याशिवाय सिस्टर ती बदलणार नाहीत आणि बदलूही नये.

बोटं आणि घोटा, जेवढं स्लॅबमध्ये जमेल तेवढं, पेशंटने स्वतः हलवत राहायला हवं. स्नायूचं आकुंचन हाच सूज बाहेर ढकलणारा पंप आहे.

बाकीच्या शरीराकडेही बघा. मेलेल्या स्नायूतून मायोग्लोबिन आणि पोटॅशियम रक्तात येतं. लघवीचा रंग चहासारखा आहे का, तिचं तासागणिक प्रमाण किती, क्रिएटिनिन, पोटॅशियम, सीके (स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) हे सगळं क्लोजरची तारीख ठरवण्याआधीचं काम आहे. हिमोग्लोबिन, साखर, अल्ब्युमिन तपासा. उघड्या जखमेतून प्रथिनं वाहून जात असतात, म्हणून जेवणाकडे लक्ष द्या. तंबाखू आणि सिगारेट बंद म्हणजे बंद. निकोटिनने कातडीच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि शिवलेल्या कडेला नेमक्या त्याच हव्या असतात.

ड्रेसिंग ओलसर आणि सैल हवं. कोरडं गॉज ठासून भरलं की स्नायू वाळतो, आणि ते काढताना वरचा थर सोलून निघतो.

## टप्पा ३: सेकंड लुक, ४८ ते ७२ तासांनी

पेशंट पुन्हा ओटीत. इथे पहिला प्रश्न "शिवता येईल का" हा नाही. "स्नायू जिवंत आहे का" हा आहे. क्रम उलटा झाला की मेलेला स्नायू आत ठेवून वर सुंदर टाके पडतात आणि पाचव्या दिवशी त्यातून पू येतो.

टूर्निके (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) लावू नका. लावलात तर रंग आणि रक्तस्राव, दोन्ही खुणा हातच्या जातात.

प्रत्येक कंपार्टमेंटमधला स्नायू वरपासून खालपर्यंत चार कसोट्यांवर बघा. रंग लालसर हवा. फिकट, करडा किंवा काळपट नको. पोत घट्ट हवा, चिमट्यात धरल्यावर लगद्यासारखा निसटायला नको. चिमटा किंवा कॉटरीचं टोक टेकवल्यावर तो आखडला पाहिजे. कापल्यावर ताजं लाल रक्त यायला हवं. चौघांपैकी रंग सगळ्यात फसवा: वरचा पातळ थर हवेने काळसर झालेला असतो आणि खाली स्नायू ठणठणीत असतो. म्हणून एकट्या रंगावर कापू नका आणि एकट्या रंगावर ठेवूही नका.

खोल मागच्या कंपार्टमेंटमध्ये बोट घालून बघायला विसरू नका. अपुरा उघडलेला कंपार्टमेंट सापडतो तो बहुधा हाच.

तपासा: स्पष्ट मेलेला स्नायू काढला का? शंकास्पद भाग शिल्लक आहे का? असेल तर आज क्लोजर नाही. धुवा, ओलं ड्रेसिंग किंवा व्हॅक (फोम लावून मशीनने स्राव खेचणारं ड्रेसिंग) लावा आणि २४ ते ४८ तासांनी परत या. पू, पसरणारी लाली, अस्थिर पेशंट किंवा रक्तदाब टिकवायला औषधं चालू असतील तरीही थांबा.

## टप्पा ४: आज शिवायचं, ओढत न्यायचं की ग्राफ्ट?

स्नायू चांगला निघाला. आता कातडी बघा. सूज उतरू लागली की जखमेच्या आजूबाजूच्या त्वचेवर बारीक सुरकुत्या दिसतात. चकचकीत, ताणलेली कातडी म्हणजे अजून वेळ आहे. स्नायू जखमेच्या कडांच्या वर फुगून आला आहे की पातळीत बसला आहे, तेही बघा.

मग चाचणी घ्या. दोन्ही कडा बोटांनी जवळ आणा आणि दर ३-४ सेंमीवर टॉवेल क्लिप लावून तात्पुरत्या धरा. लगेच ठरवू नका. दहा मिनिटं थांबा, तोवर दुसरी जखम धुवून घ्या. नंतर कडेवर बोट दाबून सोडा आणि रंग परत येतो का ते पाहा. पायाचे पल्स आणि बोटांमधला रक्तप्रवाह पाहा.

कडा गुलाबी राहिल्या आणि क्लिपला ओढ जाणवली नाही, तर शिवा. कडा पांढऱ्या पडल्या, किंवा क्लिप लावायलाच दोन हातांचा जोर लागला, तर क्लिप काढा आणि टप्पा ५ कडे जा.

शंका असेल तर क्लिप लावलेल्या अवस्थेत कंपार्टमेंटचा दाब मोजा. डायस्टोलिक (रक्तदाबाचा खालचा आकडा) आणि कंपार्टमेंट यांच्या दाबातला फरक ३० मिमी मर्क्युरीपेक्षा कमी भरला तर बंद करायचं नाही. यात एक खाच आहे: भूल दिल्यावर डायस्टोलिक खाली घसरतं. म्हणून तुलनेसाठी वॉर्डातलं, भुलीआधीचं डायस्टोलिक धरा, आणि चार्टवर दोन्ही आकडे लिहा.

दोन्ही जखमा एकाच दिवशी बंद करण्याचा हट्ट नको. आतल्या बाजूला नडगीचं हाड आणि पोस्टेरिअर टिबिअल रक्तवाहिन्या जवळ असतात, बाहेरच्या बाजूला बहुतेक नुसता स्नायू असतो. त्यामुळे कातडी एकाच बाजूला पुरणार असेल तर ती आतल्या जखमेला द्या. बाहेरच्या स्नायूवर ग्राफ्ट चांगला धरतो. उघड्या हाडावर धरत नाही. बाहेरची जखम शिवायला सोपी दिसते म्हणून आधी ती उरकली आणि आतलं हाड उघडं राहिलं, असं करू नका.

## टप्पा ५: शूलेस, म्हणजे बुटाच्या नाडीसारखं हळूहळू ओढणं

साहित्य साधं आहे: सिलिकॉनचे व्हेसल लूप आणि स्किन स्टेपलर.

१. एका टोकापासून सुरुवात करा. कडेपासून साधारण १ सेंमी आत कातडीवर लूप ठेवा आणि त्याच्यावरून स्टेपल मारा, असा की लूप स्टेपलखालून मोकळा सरकेल. स्टेपलने लूपला चिमटलं तर पुढे ओढताच येणार नाही. प्रत्येक स्टेपलनंतर लूप दोन्हीकडे सरकवून बघा.

२. समोरच्या कडेला जा आणि २ ते ३ सेंमी पुढे तसाच स्टेपल मारा. असं आडवंतिडवं करत शेवटपर्यंत जा. जखम लांब असेल तर दोन्ही टोकांकडून दोन लूप आणून मध्यावर भेटवा, म्हणजे ओढ सारखी पडते.

३. स्टेपल कडेच्या अगदी जवळ मारू नका. सूज असलेली कड फाटते आणि स्टेपल निघून येतो.

४. पहिली ओढ हलकी. कडा थोड्या जवळ सरकल्या की थांबा. लूपची टोकं गाठ मारून किंवा स्टेपलने अडकवून ठेवा.

५. दर २४ ते ४८ तासांनी पुन्हा घट्ट करा, एका वेळी साधारण अर्धा सेंटीमीटर. त्याआधी वेदनाशामक द्या. हे वॉर्डात, निर्जंतुक पद्धतीने करता येतं.

प्रत्येक वेळी घट्ट केल्यावर पाच मिनिटं पलंगाशेजारी थांबा. कड पांढरी पडली, बोटं मुंग्यांनी भरली, किंवा अंगठा वर वाकवल्यावर पोटरीत कळ आली तर अर्धी ओढ सोडा. घट्ट करून राउंडबरोबर पुढच्या पलंगाकडे निघून गेलात तर हे काहीच दिसणार नाही.

कडांमधलं अंतर इतकं कमी झालं की टाक्यांनी सहज मिटेल, तेव्हा ओटीत नेऊन शेवटचे टाके घाला. बहुतेक जखमा पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान या टप्प्याला येतात. त्यापुढे कडा आतून धरून ठेवल्यासारख्या होतात आणि ओढ फुकट जाते, म्हणून ओढणं लवकर सुरू करायचं.

## टप्पा ६: व्हॅक लावताना

व्हॅक सूज आणि स्राव खेचून घेतं, वारंवार ड्रेसिंगचा त्रास वाचवतं. कडा जवळ आणण्याचं काम मात्र ते स्वतःहून फारसं करत नाही. "व्हॅक लावलंय, आता आपोआप मिटेल" या भरवशावर आठवडा घालवला की ग्राफ्टची वेळ येते. लूप खाली आणि फोम वर, असं दोन्ही एकत्र लावणं मला जास्त पटतं.

फोम जखमेपेक्षा किंचित अरुंद कापा. आकसताना तो कडा आत ओढतो. जखमेवर धरून कापू नका, कण आत पडतात. फोम चांगल्या कातडीवर चढला की तिथे कातडी मऊ पडून फाटते. नस किंवा रक्तवाहिनी उघडी असेल तर फोम थेट तिच्यावर नको, मध्ये न चिकटणारा जाड थर हवा. किती तुकडे आत घातले ते ड्रेसिंगच्या वरच्या फिल्मवर मार्करने लिहा आणि काढताना मोजा. आत राहिलेला फोमचा तुकडा म्हणजे आठवड्याने येणारा पू.

सामान्यतः उणे १२५ मिमी मर्क्युरी, सलग. दर ४८ ते ७२ तासांनी बदल. मशीन बंद पडलं आणि दोन तासांत सुरू झालं नाही तर फोम काढून ओलं ड्रेसिंग करा; बंद व्हॅकखाली जखम कुजते.

सावधान: नळीत अचानक ताजं लाल रक्त दिसलं तर मशीन बंद, जखमेवर दाब, आणि लगेच सीनियरला फोन.

## टप्पा ७: टाके घालणं

चाचणीत पास झालेली जखम आता शिवायची आहे.

कडा खरोखर मेलेल्या असतील तेवढ्याच कापा, मिलिमीटरभर. "ताज्या करण्यासाठी" म्हणून सरसकट कडा छाटल्या की पुरत असलेली कातडी अपुरी पडते.

कातडी फॅशियावरून सोडवून मोकळी करायचा मोह टाळा. पोटाच्या जखमेत हे चालतं, पायात नाही. इथे कातडीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खालून फॅशियातून वर येतात. तुम्ही बोट फिरवून कातडी मोकळी केलीत की त्या तुटतात, आणि तिसऱ्या दिवशी कडेवर काळी पट्टी उमटते.

दोन्ही टोकांपासून मध्याकडे या. टोकाशी ताण कमी असतो. तिथून मिटवत आलं की मधलं अंतर आपोआप घटतं. २-० किंवा ३-० नायलॉन, व्हर्टिकल मॅट्रेस किंवा डोनाटी-ऑलगॉवर टाके. कातडी दात्यांच्या चिमट्यात चुरगाळू नका, स्किन हुकने उचला. गाठ कडा फक्त टेकतील एवढीच. घट्ट गाठ म्हणजे मजबूत टाका, हा समज काढून टाका. उद्या थोडी सूज वाढणार आहे, तिला जागा हवी.

मध्ये दोन-तीन सेंटीमीटर मिटलंच नाही तर तेवढं उघडं सोडून द्या. ते लूपने नंतर मिटेल, किंवा ड्रेसिंगखाली भरून येईल. मी रेसिडेंटना हे सांगतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अपुरं काम सोडल्याची खंत दिसते. पण ते उरलेलं तोंड बंद करण्यासाठी घातलेले शेवटचे तीन टाकेच बाकीच्या वीस टाक्यांना घेऊन बुडतात.

## टप्पा ८: पुढचे २४ तास

एक प्रसंग सांगतो. माझ्या रेसिडेन्सीतली गोष्ट. चौथ्या दिवशी मी आतल्या बाजूची जखम पूर्ण बंद केली. क्लिपची चाचणी घेतली होती, पण थांबलो नव्हतो. लगेच शिवायला घेतलं. रात्री अकराला वॉर्डातल्या सिस्टरांचा फोन आला. "इंजेक्शन देऊन तास झाला, तरी दुखणं हटत नाही. आणि मी अंगठा वर वाकवला तर तो ओरडला." पल्स लागत होता, बोटं गरम होती. तरीही मी एक सोडून एक टाका कापला. कडा दोन बोटं रुंद उघडल्या आणि पेशंटने मोठा श्वास सोडला. तीच जखम सहा दिवसांनी काही त्रास न देता मिटली. त्या सिस्टरांनी पल्सवर विसंबून सकाळपर्यंत वाट पाहिली असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनात येतो.

म्हणून क्लोजरनंतर:

पहिले २४ तास दर तासाला, निदान दर दोन तासांनी, तीन गोष्टी बघा आणि लिहा: जखमेच्या मानाने जास्त दुखणं, बोटं हळूच ताणल्यावर कळ, पहिल्या आणि दुसऱ्या बोटाच्या बेचक्यातली संवेदना. पल्स जरूर तपासा, पण त्यावर निर्धास्त होऊ नका. दाब वाढलेला असतानाही पल्स लागतो.

दीर्घकाळ टिकणारा नर्व्ह ब्लॉक या काळात देऊ नका. दुखणं हीच पहिली खूण आहे, ती झाकली की तुम्ही आंधळे होता.

पलंगाजवळ निर्जंतुक कात्री ठेवा. लक्षणं दिसली तर टाके आणि ड्रेसिंग आधी मोकळं करा, सीनियरला कळवा आणि मग ओटीची व्यवस्था बघा.

## टप्पा ९: ग्राफ्टची वेळ आली तर

सात-दहा दिवसांनीही मोठं अंतर उरलं, कडा पुढे सरकायचं थांबल्या, आणि तळ गुलाबी, सपाट, स्वच्छ झाला असेल तर स्प्लिट स्किन ग्राफ्ट घ्या. तो अपयश मानू नका. योग्य वेळी घेतलेला ग्राफ्ट ताणून मारलेल्या टाक्यांपेक्षा केव्हाही बरा.

पेरिऑस्टियमशिवायचं (वरच्या पातळ आवरणाशिवायचं) हाड, आवरण नसलेला टेंडन किंवा प्लेट उघडी असेल तर ग्राफ्ट धरणार नाही, फ्लॅप (स्वतःच्या रक्तपुरवठ्यासह आणलेली कातडी किंवा स्नायू) लागेल. प्लास्टिक सर्जनना दहाव्या दिवशी बोलावण्यापेक्षा सेकंड लुकलाच बोलवा.

ग्राफ्ट साधारण ०.३ मिमी जाडीचा, मांडीवरून, १:१.५ मेश करून. मेशच्या छिद्रांतून खालचं रक्त आणि पाणी बाहेर पडतं. ग्राफ्ट उचलला जाण्याचं मुख्य कारण त्याखाली साचलेलं रक्तच असतं. दुसरं कारण म्हणजे घसरणं. म्हणून न चिकटणारा थर, त्यावर व्हॅक किंवा बांधलेलं बोल्स्टर (दाबून धरणारी गादी), आणि स्लॅब. साधारण पाच दिवस उघडून बघायचं नाही. दुर्गंधी, ताप किंवा वाढतं दुखणं असेल तर मात्र वाट पाहू नका. मांडीवरचं ड्रेसिंग चिकटलेलं असेल तर ओढून काढू नका. आठवड्या-दोन आठवड्यांत ते स्वतः सुटतं.

ग्राफ्टच्या जागी खळगा राहील, संवेदना कमी असेल आणि कातडी स्नायूला चिकटलेली वाटेल, हे पेशंटला ऑपरेशनआधीच सांगा.

## हाताची फेशिओटॉमी: काय वेगळं

कोपराखालच्या हातात पुढच्या बाजूच्या छेदात मीडियन नर्व्ह मनगटाशी उघडी पडते. ती सर्वांत आधी झाका. मनगट आणि तळव्याकडच्या कातडीचे टाके पहिले, सैल. वरच्या स्नायूवरचा भाग नंतर, गरज पडल्यास ग्राफ्टने. मागच्या बाजूचा छेद अनेकदा लवकर मिटतो. बोटं वाकलेल्या अवस्थेत आठवडाभर राहिली तर आखडतात, म्हणून स्प्लिंटमध्ये मनगट किंचित मागे, बोटांची मुळं वाकलेली, पुढची पेरं सरळ.

## घरी पाठवताना

पायातले टाके दोन ते तीन आठवडे ठेवा, आणि पहिल्यांदा एक सोडून एक काढा. ग्राफ्ट असेल तर पाय खाली सोडणं पाच-सात दिवसांनंतर, तेही क्रेप बँडेज बांधून, सुरुवातीला पाच मिनिटं, मग हळूहळू वाढवत. खाली सोडल्यावर ग्राफ्ट निळसर होऊन वर केल्यावर गुलाबी होत असेल तर वेळ वाढवा. गडद राहिला तर परत मागे या.

पेशंट आणि घरच्यांना कागदावर लिहून द्या: पायाचं दुखणं अचानक वाढलं, बोटं बधिर झाली, जखमेतून पू किंवा दुर्गंधी आली, किंवा ताप आला तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता यायचं. संध्याकाळी सूज येणं काही महिने चालू राहील, त्यासाठी जखमा भरल्यावर कॉम्प्रेशन स्टॉकिंग. स्नायू छेदाच्या जागी फुगीर दिसेल, कारण फॅशिया उघडाच ठेवलेला आहे. त्याला गाठ समजून घाबरायचं नाही. घोटा वर ओढण्याचा व्यायाम रोज, आणि तो घरी कोणी करून घ्यायचा त्या व्यक्तीला डिस्चार्जच्या आधी फिजिओथेरपिस्टसमोर एकदा करून दाखवायला सांगा.